एक पांढरा टी-शर्ट, अडीच मीटर लेस

सिंगापुरात राहणाऱ्या माणसाकडे पाहुणे आले की एक दिवस पुलाउ उबीनचा ठरलेलाच. सेंटोसा झालं, नाइट सफारी झाली, मुस्तफात खरेदी झाली, की चौथ्या-पाचव्या दिवशी पाहुणे जरा दमून विचारतात, "इथे काही खेडंबिडं नाही का हो?" मग आपण त्यांना चांगी पॉइंटच्या धक्क्यावर नेतो. बारा डोकी जमली की लाकडी नाव धडधडत सुटते आणि दहा-पंधरा मिनिटांत माणूस पन्नास वर्षं मागे जाऊन उतरतो. पत्र्याची छपरं, नारळ, कोंबड्या, रस्त्यातून आडवं जाणारं रानडुक्कर. माझ्या सासूबाई सावंतवाडीच्या. त्या उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "अगो, हे तर आमचंच!" आणि पुढचा सगळा दिवस त्या खुशीत होत्या.

या लेखाचं कारण मात्र उबीनचं निसर्गसौंदर्य नव्हे. कारण आहे सायकलच्या साखळीचं वंगण. आमची लेक भाड्याची सायकल घेऊन चेक जावापर्यंत जाऊन आली, तेव्हा तिच्या पांढऱ्या स्वच्छ टी-शर्टच्या खालच्या कडेला बोटभर काळा पट्टा उमटला होता. घरी आल्यावर साबण झाला, लिंबू झालं, खाण्याचा सोडा झाला. डाग हलेना. मी टी-शर्ट फडक्यांच्या पिशवीत टाकला, तो सासूबाईंनी बाहेर काढला. "चांगलं अंग आहे कापडाला. दोन बोटं खालून कापू आणि लेस लावू." दुसऱ्या दिवशी आजी आणि नात अरब स्ट्रीटवर जाऊन अडीच मीटर सुती लेस घेऊन आल्या. घेराला, दोन्ही बाह्यांना आणि उरली तर गळ्याला, असा हिशोब होता.

महिन्याभराने आम्ही पुन्हा उबीनला गेलो. परतीच्या नावेसाठी धक्क्यावर बसलो असताना शेजारी बसलेल्या एका वयस्कर मलय बाईंनी लेकीच्या टी-शर्टची कड हातात घेतली आणि हसून म्हणाल्या, "रेंडा!" मग मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की त्यांच्या आईच्या कबायाला अगदी अशीच पट्टी होती. सासूबाईंना हे भाषांतर करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, आमच्या पोलक्यांना पण असायची." दोघी एकमेकींकडे पाहून माना डोलावत बसल्या. नाव आली, आम्ही बसलो, आणि अर्ध्या वाटेत लेकीने विचारलं, "मग ही आयडिया नक्की कोणाची? आपली की त्यांची?"

इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांचा हा नेहमीचाच प्रश्न आहे. शाळेत 'रेशियल हार्मनी डे'ला प्रत्येकाने आपापला पोशाख घालून जायचं असतं, त्यामुळे 'आपलं' आणि 'त्यांचं' यांच्या सीमारेषा मुलांना फार लवकर पाठ होतात. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेले, आर्मेनियन स्ट्रीटवरच्या पेरानाकान म्युझियमच्या दोन-चार फेऱ्या झाल्या, आणि जे हाती लागलं ते इतकं गुंतलेलं निघालं, की ते इथे मांडल्यावाचून राहवत नाही.

आधी शब्दांपासून सुरुवात करू. 'कबाया' हे मलय जगातलं पुढून उघडं, पातळ, कमरेच्या खाली येणारं जॅकेटवजा वस्त्र. सिंगापूर एअरलाइन्सच्या हवाईसुंदऱ्यांमुळे ते आपल्याला ओळखीचं आहे. तो गणवेश पिएर बाल्मॅं या फ्रेंच डिझायनरने १९६८ साली केला. हा शब्द मुळात अरबी-फारसी 'कबा', म्हणजे पायघोळ अंगरखा. जुन्या मराठीतही 'कबाय' आहेच. 'बाजू' हा मलय शब्द म्हणजे अंगातला सदरा किंवा कपडा. त्याचं मूळ फारसी 'बाजू', अर्थ दंड. आपल्या बाजूबंदातला बाजू तो हाच! आणि 'रेंडा' म्हणजे लेस, हा शब्द पोर्तुगीज. पोर्तुगीजांनी मलय भाषेला आणखीही बरंच काही दिलं. आपण 'टुवाल' म्हणतो, ते 'तुआला' म्हणतात. आपण 'फीत' म्हणतो, ते 'पिता' म्हणतात (वडिलांचा संबंध नाही!). एकाच गलबतातून उतरलेले शब्द, काही मांडवीच्या काठी उतरले, काही मलाक्काला.

आता हे गलबत कुठून निघालं ते पाहू. आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा घेतला १५१० साली आणि मलाक्का घेतलं १५११ साली. म्हणजे एका वर्षाच्या आत ही दोन बंदरं एकाच सत्तेखाली आली आणि पुढची सव्वाशेहून अधिक वर्षं, १६४१ मध्ये डचांनी मलाक्का जिंकेपर्यंत, त्यांच्यात जहाजांची, शिपायांची, पाद्र्यांची आणि बायकामुलांची ये-जा चालू राहिली. या ये-जा करणाऱ्या बायका काय नेसत होत्या? याचं उत्तर एका डच माणसाने लिहून ठेवलं आहे. यान हाउखेन फान लिन्सकोटेन हा गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून १५८३ मध्ये गोव्यात आला आणि पाच वर्षं राहिला. १५९६ साली त्याचं 'इटिनेरारिओ' छापलं गेलं. त्यात तो सांगतो, की गोव्यातल्या पोर्तुगीज घरांमधल्या बायका घरात असताना वर 'बाजू' नावाचा अतिशय झिरझिरीत झगा घालतात आणि खाली एक रंगवलेलं कापड कमरेभोवती गुंडाळतात, बस्स.

वर पातळ बाजू, खाली चित्रांचं कापड. आज कबाया आणि बाटिकचा सारोंग नेसलेली पेरानाकान बाई पाहिली, की लिन्सकोटेनची चार शतकांपूर्वीची ओळ आठवते. तेव्हा ही जोडी गोव्याहून मलाक्काला गेली की मलाक्काहून गोव्याला आली? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे, दोन्हीकडून एकाच वेळी धागे ओढले जात होते. गोव्यात याची एक शाखा अजून जिवंत आहे. मांडो नाचताना ख्रिश्चन बायका 'पानो बाजू' घालतात: खाली लुंगीसारखा गुंडाळलेला पानो, वर मखमलीचा किंवा रेशमी भरजरी सैल बाजू आणि खांद्यावर 'तुवालो'. वेंडेल रॉड्रिक्स या गोव्याच्या फॅशन डिझायनरने 'मोडा गोवा' (२०१२) या पुस्तकात गोव्याच्या पोशाखांचा इतिहास मांडला आहे. २०२० साली तो गेला. सासूबाईंना पानो बाजूचा फोटो दाखवला, तर म्हणाल्या, "मडगावला लग्नात पाहिलाय की मी हा!"

पण लेस? सोळाव्या शतकातल्या बाजूला लेस नव्हती. ती यायला डच यावे लागले आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंग्लंडातली यंत्रं यावी लागली.

डचांनी १६१९ साली बटाविया (आजचं जकार्ता) वसवलं. तिथे कुटुंबं उभी राहिली ती बहुतेक मिश्र रक्ताची, आणि त्या घरांतल्या बायकांनी त्या हवेला योग्य तोच पोशाख केला: सारोंग आणि कबाया. एकोणिसाव्या शतकात हा कबाया पांढऱ्या सुती कापडाचा झाला. मलमलीसारखं पातळ कापड, रोज धुता येणारं, इस्त्री करता येणारं. सकाळी घरात, दुपारी वामकुक्षीला, व्हरांड्यात चहा घेताना गोऱ्या मडमा हेच घालून बसत आणि युरोपातून नव्याने आलेले प्रवासी ते पाहून चकित होत. इथे थोडं विषयांतर. उबीनवर चेक जावाच्या तोंडाशी 'हाउस नंबर वन' म्हणून एक ट्यूडर पद्धतीचा बंगला आहे, १९३० च्या दशकात एका इंग्रज अधिकाऱ्याने सुट्टी घालवायला बांधलेला. त्यात चक्क शेकोटी आहे! विषुववृत्तापासून दीड अंशावर! तो बंगला पाहिला की डच बायकांच्या शहाणपणाचं कौतुक वाटतं.

तर या पांढऱ्या कबायाच्या कडांना, म्हणजे पुढच्या दोन्ही उघड्या बाजूंना, खालच्या घेराला आणि मनगटाला, लेस लागायला लागली. कारण साधं होतं. लेस स्वस्त झाली होती.

लेस ही त्याआधी राजेरजवाड्यांची वस्तू. लाकडाच्या लहान लहान रिळांवर धागे गुंडाळून, उशीवर टाचण्या टोचून बायका ती विणत. दिवसभराचं काम बोटभर सरकायचं. १८०९ च्या सुमारास जॉन हीथकोट याने लेसची जाळी विणणारं यंत्र बनवलं. हातकामगारांनी त्याचा राग किती धरावा? १८१६ साली लफबरो इथल्या त्याच्या कारखान्यात रात्री घुसून लडाइट लोकांनी पन्नासहून जास्त यंत्रं फोडली. हीथकोट गाशा गुंडाळून दूर टिव्हर्टनला गेला, पण यंत्र थांबलं नाही. पुढे जॉन लीव्हर्सच्या यंत्राला नक्षीची सोय जोडली गेली आणि नॉटिंगहॅम हे लेसचं शहर झालं. १८८० च्या दशकात आणखी एक युक्ती निघाली: एका कापडावर यंत्राने दाट भरतकाम करायचं आणि मग खालचं कापड रसायनाने विरघळवून टाकायचं. उरते ती नुसती नक्षी. अरब स्ट्रीटवर आज मिळणारी जाडसर फुलांची लेस बरीचशी याच तत्त्वावर बनते, फक्त रसायनाच्या जागी आता पाण्यात विरघळणारा पडदा असतो.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि ही गाठोडी महिन्याभरात बटाविया-सिंगापूरला पोचू लागली. मुंबईलाही, अर्थात.

म्हणजे ज्या वस्तूला आपण 'पारंपरिक' म्हणतो, ती लेसची कड हे तेव्हाचं 'फॉरेन' होतं. गोऱ्या मडमांच्या अंगावरचं फॉरेन. डच सरकारचा तर दंडक होता, की ज्या त्या जमातीने आपापल्याच वेशात वावरायचं, म्हणजे माणूस कपड्यावरून ओळखता यावा आणि त्याप्रमाणे वागवता यावा. चिनी वंशाच्या, पण मलय बोलणाऱ्या आणि मलय जेवणाऱ्या पेरानाकान घरांतल्या न्योन्या बायका एकोणिसाव्या शतकभर 'बाजू पांजांग' घालत होत्या, गुडघ्याखाली येणारा गडद रंगाचा लांब झगा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे दंडक सैल पडले. मग सिंगापूर, मलाक्का, पेनांगच्या तरुण न्योन्यांनी आईचा लांब झगा टाकला आणि आखूड, पांढरा, लेस लावलेला 'कबाया रेंडा' उचलला. १९२० च्या दशकातल्या फोटोंत आई बाजू पांजांगमध्ये आणि मुलगी कबाया रेंडामध्ये, असं शेजारी शेजारी बसलेलं दिसतं. आईच्या चेहऱ्यावरचा भाव पाहून मला आमच्या घरातली जीन्सवरची भांडणं आठवली.

आणि गंमत पुढेच आहे. न्योन्यांनी लेस फार दिवस ठेवलीच नाही! घरोघरी शिवणयंत्र आलं होतं. त्यांनी आणि त्यांच्या शिंप्यांनी ठरवलं, की विकतची लेस लावण्यापेक्षा कापडावरच लेस करू. कडेला कंगोरे भरायचे आणि बाहेरचं कापड कापून टाकायचं. अंगात लहान लहान भोकं कापून त्यांच्या कडा दोऱ्याने भरायच्या. या कामाला 'तबोक लुबांग', म्हणजे भोकं पाडणं, असं सरळसोट नाव आहे. म्हणून आज दुकानात जो न्योन्या कबाया मिळतो, त्यावर वेगळी शिवलेली लेस क्वचित असते, लेससारखं दिसणारं भरतकाम असतं. त्याला बटणं नसतात, साखळीने जोडलेल्या तीन पिना, 'केरोसांग', लावतात. धक्क्यावरच्या त्या मावशींच्या आईचा कबाया मात्र जुन्या वळणाचा, खरी लेस लावलेला असणार.

उबीनचा विषय निघाला आहे तर तिथल्या आणखी एका कापडाबद्दल सांगायलाच हवं. न्योन्यांच्या कबायाच्या कितीतरी आधी, १८२५ पासून १८७३ पर्यंत, सिंगापूर हे हिंदुस्थानातल्या कैद्यांचं काळं पाणी होतं. बंगाल, मद्रास आणि आपल्या मुंबई इलाख्यातून जन्मठेपेचे कैदी इथे आणले जात. सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल त्यांनी बांधलं, रस्ते त्यांनी केले, आणि उबीनच्या खाणींत ग्रॅनाइट फोडायलाही त्यांना आणलं होतं. हॉर्सबर्ग दीपगृह (१८५०-५१) उबीनच्या दगडाचं आहे. त्यानंतर चार वर्षांनी उभ्या राहिलेल्या रॅफल्स दीपगृहाचा दगडही इथलाच, आणि तो काढण्यात या कैद्यांचे हात होते. पुढे कैद्यांवर देखरेख करणाऱ्या मॅकनेअर या अधिकाऱ्याने १८९९ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्या तुरुंगात विणकर होते, शिंपी होते, आणि कैद्यांचं जाडंभरडं कापड तुरुंगातच विणलं जाई. उबीनला पाणी भरलेल्या त्या जुन्या खाणींच्या कडेला उभं राहून आपण फोटो काढतो, बगळे बघतो. तिथे कोणे एके काळी साताऱ्याचा किंवा ठाण्याचा कुणी माणूस त्या कोऱ्या, बिनकाठाच्या कापडात दगड फोडत उभा असेल. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या.

बिनकाठाचं कापड. हा शब्द त्यांचाच. लेस का लावायची, याचं त्यांनी दिलेलं कारण मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही. त्या म्हणाल्या, "खणाला कुणी लेस लावतं का? नाही. त्याला विणतानाच काठ येतो. लेस लागते गिरणीच्या कापडाला. त्याला काठच नसतो ना." विचार केला तर खरंच आहे. इरकली, पैठणी, गुळेदगुड्डचा खण, सारोंगचं बाटिक, या सगळ्यांची कड कापडाबरोबरच जन्माला येते. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली निघाली, मँचेस्टरचं कापड त्याआधीपासून येत होतंच. गिरणीचा तागा म्हणजे मैलभर सारखं, कुठेही कापा. त्या कापडाचा कपडा शिवला की तो कुठेतरी नुसताच संपतो. जावा असो, सिंगापूर असो, गिरगाव असो, बायकांना हे संपणं आवडलं नाही. पारशिणींनी चिनी भरतकामाच्या 'कोर' साडीला शिवल्या, आणि साडी विरली की कोर उसवून दुसऱ्या साडीला लावली. आपल्याकडे पोलकं, झंपर, परकर, बाळाची कुंची, उशीचा अभ्रा, सगळ्याला लेस आली. 'पोलकं' हा शब्दच युरोपातल्या पोल्का जॅकेटवरून आला असं सांगतात.

पण आपल्याकडे ही लेस पुष्कळदा विकतची नव्हती. ती घरी विणलेली होती, क्रोशाची. आणि लेसच्या इतिहासातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग इथे येतो.

हिंदुस्थानात लेस विणणं पसरवलं ते बरंचसं मिशनरी बायकांनी. अगदी दक्षिणेच्या टोकाला, त्रावणकोर संस्थानातल्या नागरकोइल इथे, लंडन मिशनरी सोसायटीच्या मार्था मॉल्ट हिने १८२० च्या सुमारास मुलींच्या शाळेत लेस शिकवायला सुरुवात केली. त्या मुली कोण होत्या? खालच्या मानलेल्या जातींतल्या, काही तर जन्माने गुलाम. लेस विकून आलेल्या पैशांतून त्यांतल्या काहींनी स्वतःची सुटका विकत घेतली. आणि याच भागात, याच वर्षांत, नाडार बायकांना कमरेच्या वर अंग झाकायची मनाई होती. मिशनच्या बायकांनी त्यांच्यासाठी साधं पोलकं बेतून दिलं, तर त्यावरून दंगे झाले, भर बाजारात बायकांचे कपडे फाडले गेले. १८२९ च्या फर्मानाने वरच्या जातीच्या बायकांसारखं वरचं वस्त्र घ्यायला त्यांना बंदी केली. नाडार बायकांना अंग झाकायची परवानगी शेवटी १८५९ साली मिळाली, तीही 'वरच्या जातीसारखं नको' या अटीवर. म्हणजे साहेबाच्या देशातल्या बायकांच्या कपड्यांसाठी नाजूक लेस विणणाऱ्या बोटांना स्वतःच्या अंगावर एक साधं, बिनलेसचं पोलकं घालता यावं म्हणून तीस-चाळीस वर्षं भांडावं लागलं. त्यामुळे 'साधा कपडा' हा शब्द मी आता पूर्वीइतक्या सहज वापरत नाही.

आंध्रात गोदावरीकाठी नरसापूरलाही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मिशनमधूनच क्रोशा आला. तिथल्या बायका घरी बसून परदेशी बाजारासाठी लेस विणू लागल्या. मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेने १९८२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. ती दाखवते, की या बायका रोज सहा-आठ तास लेस विणून वर घरचं सगळं काम करत होत्या, पण 'घरी बसलेल्या' म्हणूनच गणल्या जात. पैसा व्यापाऱ्यांकडे जात होता. माझ्या आजीनेही आयुष्यभर क्रोशा विणला. तो तिचा 'रिकाम्या वेळचा उद्योग' होता असं आम्ही सगळे म्हणत आलो. तिला रिकामा वेळ कधी होता, हे मला आठवत नाही.

इथे सिंगापुरातही तेच. व्हिक्टोरिया स्ट्रीटवर जिथे आज 'चाइम्स'मध्ये आपण वाढदिवसाची जेवणं करतो, ते १८५४ साली सुरू झालेलं कॉन्व्हेंट. तिथल्या अनाथ मुलींच्या शिवणकामावर आणि भरतकामावर संस्थेचा थोडाफार खर्च निघत असे.

आता टी-शर्टकडे येऊ, कारण वाचक भगिनींपैकी कुणीतरी आतापर्यंत "पण लावायची कशी?" असं मनात म्हणत असेलच. टी-शर्ट ही तर अगदी अलीकडची गोष्ट. अमेरिकन नौदलाने १९१३ च्या सुमारास खलाशांना गणवेशाच्या आत घालायला दिलेला तो बनियन. १९५१ च्या एका सिनेमात मार्लन ब्रँडो नुसता तोच घालून पडद्यावर आला आणि आतला कपडा बाहेरचा झाला. पण लेसच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की कबायाचं कापड मागावर विणलेलं असतं, उभा-आडवा धागा. टी-शर्टचं कापड स्वेटरसारखं फासे घालून केलेलं असतं, ते ताणतं. लेस ताणत नाही. म्हणून सरळ टिपेने लेस लावली, की डोक्यातून घालतानाच कटकट दोरे तुटतात, नाहीतर कापडाला झोळ येतो. सासूबाईंना जर्सी कापडाचा अनुभव नव्हता. त्यांचा पहिला प्रयत्न असाच फसला आणि सगळं उसवावं लागलं. दुसऱ्या वेळी त्यांनी लेस रात्रभर पाण्यात भिजवून वाळवली (सुती लेस पहिल्या धुण्यात आटते), टी-शर्ट अजिबात न ओढता टेबलावर पसरून टाचण्या लावल्या आणि मशीनवर नागमोडी टीप घातली. घेराला मीटरभर लागली, बाह्यांना पाऊण. गळ्याला लेकीने नको म्हटलं, टोचते म्हणून.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने कबायाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ब्रुनेई, इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि थायलंड या पाच देशांनी मिळून अर्ज केला होता. आधी 'कबाया आमचाच' असं म्हणून काही कमी वाद झाले नव्हते, शेवटी पाचही जण एका कागदावर आले. त्या यादीत गोवा नाही, हॉलंड नाही, नॉटिंगहॅम नाही, आणि नसावंही. कबाया जपला, घातला, पोरीबाळींना शिवायला शिकवला तो या पाच ठिकाणच्या बायकांनीच. हे मी लेकीला सांगितलं. तिला एवढं मोठं उत्तर अपेक्षित नव्हतं. "म्हणजे रेशियल हार्मनी डेला हा टी-शर्ट घालून गेले तर चालेल?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, टीचरना विचार.

सासूबाई मे महिन्यात परत गेल्या. उरलेली पाऊण मीटर लेस त्यांनी सामानात नेली, सावंतवाडीला कुणाच्या तरी बारशाची कुंची शिवायची आहे म्हणून. लेकीला आता तो टी-शर्ट खांद्यात घट्ट होतो. मागच्या रविवारी ती कात्रीचं टोक घेऊन बसली होती आणि एक एक टाका सोडवत लेस काढत होती. नवा टी-शर्ट निळा आहे.